घरच्यांची सहल : मुक्काम शहरात की शेतावर?

आपल्या व्यापारी आणि कारागीर बंधूंमध्ये घरच्यांना घेऊन दोन-चार दिवस बाहेर जाण्याची पद्धत आता चांगलीच रुळली आहे. पूर्वी आपल्याकडे प्रवास म्हणजे शादी, मय्यत, उर्स किंवा मालाची खरेदी. नुसत्या हवापालटासाठी घराला कुलूप लावणे फिजूलखर्चीत धरले जाई. आज तसे राहिले नाही, आणि ते बरेच झाले. जो माणूस वर्षभर गल्ल्यावर बसतो किंवा मागाच्या खडखडाटात बारा बारा तास उभा राहतो, त्याला आणि त्याच्या घरच्यांना दोन दिवस मोकळी हवा मिळाली तर त्यात गैर काहीच नाही.

प्रश्न येतो तो मुक्कामाचा. एखाद्या शहरात लॉज घेऊन तिथून आसपास फिरायचे, की शेतावर उतरायचे? महाराष्ट्रात कृषी पर्यटन केंद्रे आता जिल्ह्याजिल्ह्यात निघाली आहेत. राज्य शासनाने २०२० साली त्यासाठी स्वतंत्र धोरण आणले आणि पर्यटन संचालनालयाकडे या केंद्रांची नोंदणी होऊ लागली. म्हणजे शेतावरचा मुक्काम ही आता कुणाच्या ओळखीवर चालणारी गोष्ट राहिली नसून तो रीतसर धंदा झाला आहे. तरीही आपले बहुतेक लोक डोळे झाकून शहरातला लॉजच धरतात. हा निर्णय विचार करून होत नाही, सवयीने होतो, असे आमचे स्पष्ट मत आहे. म्हणून या विषयावर चार शब्द.

बोलणे हवेत राहू नये म्हणून एक ठरावीक ठिकाण घेऊ. औरंगाबाद शहर, ज्याचे सरकारी नाव २०२३ पासून छत्रपती संभाजीनगर झाले आहे, आणि त्याच्या पश्चिमेचा दौलताबाद, खुलताबाद, वेरूळ हा पट्टा. मालेगावकरांना हे तीन-साडेतीन तासांच्या वाटेवर आहे. भिवंडीकरांना तर भिवंडी तालुक्यातल्या आमण्यापासूनच समृद्धी महामार्ग लागतो. ५ जून २०२५ रोजी त्याचा शेवटचा टप्पा खुला झाल्यापासून घाटाचा त्रास न होता सकाळी निघून दुपारच्या जेवणाला तिथे पोहोचता येते.

शहराच्या बाजूने

शहराची बाजू आधी मांडणे इन्साफाचे होईल. औरंगाबाद हे राहायला सोयीचे शहर आहे. पावलोपावली मशीद आहे. हलाल जेवणाची फिकीर नाही, नान-खलिया तर या शहराची ओळखच आहे. रात्री दोन वाजता कुणाच्या छातीत दुखू लागले तर इस्पितळ जवळ आहे. बीबी का मकबरा आणि पाणचक्की शहरातच आहेत. मलिक अंबरने १६१० साली खडकी या नावाने हे गाव वसवले आणि जमिनीखालून नहरी काढून पाणी खेळवले. ज्याला मुलांना इतिहास दाखवायचा आहे त्याला इथे दोन दिवस पुरत नाहीत. कापडाच्या धंद्यातल्या माणसाने तर हिमरू विणणारे जे थोडे हात अजून उरले आहेत ते एकदा पाहावेतच. सूत आणि रेशीम मिळून बनणारे हे कापड, आणि त्याचे उरलेले कारागीर हाताच्या बोटांवर मोजावे लागतात.

अजिंठ्याला जायचे असेल तर शहराचाच मुक्काम बरा. लेणी शहरापासून शंभर किलोमीटरवर. फर्दापूरजवळच्या फाट्यावर आपली गाडी सोडून पुढे तिथल्या बसने जावे लागते आणि मग पायऱ्या. त्यात पूर्ण दिवस मोडतो. वेरूळ मात्र शहरापासून तीसच किलोमीटर. एक गोष्ट लक्षात ठेवावी : वेरूळ मंगळवारी बंद, अजिंठा सोमवारी बंद. मुलांना घेऊन बंद दरवाजापर्यंत जाणारे लोक अजूनही भेटतात.

एवढे सगळे असताना शेतावर कशाला जायचे, असे कुणी विचारील. त्याचे उत्तर शहरात नाही, आपल्या स्वभावात आहे.

व्यापाऱ्याची सहल आणि बाजार

आपल्या लोकांची शहरातली सहल कशी होते ते पाहा. पहिल्या दिवशी दुपारी सगळे पोहोचतात. सामान खोलीत पडते. शेठ हात-तोंड धुतात आणि म्हणतात, तुम्ही जरा आराम करा, मी एका पार्टीला भेटून येतो. त्या पार्टीकडे दुसरी पार्टी बसलेली असते. नव्या मालाचे नमुने निघतात, जुन्या उधारीची आठवण निघते, चहा येतो, मगरिब होते. खोलीत अम्मी पलंगावर, मुले टीव्हीसमोर, आणि बायका खिडकीतून समोरच्या लॉजची भिंत बघत बसलेल्या. दुसऱ्या दिवशी मकबरा उरकला जातो आणि संध्याकाळी पुन्हा बाजार. या वेळी बायकाही बाजारात, कारण दुसरे करण्यासारखे काही नसते. घरी परत येताना डिकीत पिशव्या असतात आणि शेठच्या खिशात दोन ऑर्डरी. सगळे म्हणतात, सहल झाली.

ही सहल नव्हे. ही खरेदीची फेरी आहे, तिला कुटुंब जोडलेले आहे. धंद्यासाठी जाणे वाईट नाही, पण त्याला धंद्याचे नाव द्यावे. घरच्यांना आराम देतो असे सांगून त्यांना चार भिंतीत बसवून ठेवणे हे व्यवहारातही खोटेच ठरते. गिऱ्हाईकाला एक नमुना दाखवून दुसरा माल दिला तर आपण त्याला काय म्हणतो?

शेतावर हा प्रकार चालत नाही. तिथे भेटायला पार्टी नाही, पाहायला नमुने नाहीत. बाप सकाळी मुलांबरोबर विहिरीवर जातो आणि दुपारी झाडाखाली बसतो, कारण दुसरीकडे जायला जागाच नाही. आमच्या मते शेताच्या मुक्कामाचा सर्वांत मोठा फायदा हाच. हवा, हिरवळ वगैरे त्याच्यानंतर.

हिशोब काय सांगतो

आपण हिशोबाची माणसे, तेव्हा आकडे मांडून पाहू. घरात नऊ माणसे धरा : अम्मी, नवरा-बायको, मुलगा आणि बहू, एक मुलगी, आणि तीन लहान मुले. दोन रात्रींचा मुक्काम. खालचे दर समजुतीसाठी घेतले आहेत, आपापल्या चौकशीप्रमाणे बदलून घ्यावेत.

शहरात तीन खोल्या, दर खोलीला २,२०० रुपये धरले तर दोन रात्रींचे १३,२०० रुपये. त्यावर जीएसटी. २२ सप्टेंबर २०२५ पासून ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीवर हा कर १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला आहे. म्हणजे ६६० रुपये. खोल्यांचे झाले १३,८६०. जेवणखाण माणशी रोजचे ६०० रुपये धरले तर नऊ जणांचे दोन दिवसांचे १०,८००. एकूण २४,६६० रुपये.

शेतावर बहुतेक ठिकाणी माणशी दर असतो आणि त्यात दोन्ही वेळचे जेवण, नाश्ता आणि चहा येतो. मोठ्यांना १,५०० आणि लहानांना निम्मे धरले तर सहा मोठ्यांचे ९,००० आणि तीन लहानांचे २,२५०, म्हणजे रात्रीला ११,२५०. दोन रात्रींचे २२,५०० रुपये. ज्याची वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत आहे अशा छोट्या शेतमालकाला जीएसटीची नोंदणी लागत नाही, त्यामुळे त्याच्या बिलावर तो करही नसतो.

दोन हजारांचा फरक, तोही उद्या उलटा होऊ शकतो. तात्पर्य, पैशाच्या बाबतीत दोन्ही पारडी जवळपास सारखीच. फरक पडतो तो बिलाबाहेरच्या खर्चात. शहरात मुलांचे आइसक्रीम, रिक्षा, पार्किंग आणि "सहज म्हणून घेतलेल्या" चार वस्तू यांनी बघता बघता मुक्कामाइतकीच रक्कम जाते. शेतावर हा खर्च करायला दुकानच नसते.

याच ठिकाणी एक इशारा. काही बंधू घरच्या सहलीचे बिल दुकानाच्या खर्चात टाकतात आणि मुनीमजींना सांगतात, प्रवासखर्चात लिहा. हे करू नये. घरचा खर्च हा धंद्याचा खर्च नाही. जीएसटीत त्याची वजावट मिळत नाही आणि आयकरातही तो मान्य होत नाही. आपल्या नावे उचल टाकून मोकळे व्हावे. शे-पाचशे रुपये वाचवण्यासाठी वह्यांना डाग लावण्यात शहाणपण नाही.

कापूस न पाहिलेली मुले

आता आम्हाला जे मनापासून सांगायचे आहे ते. मालेगाव, भिवंडी, इचलकरंजी या गावांत अशी कितीतरी घरे आहेत जिथे चार पिढ्या सुतावर जगल्या. त्या घरातला दहा वर्षांचा मुलगा बोटाने सूत चोळून तिसाचे की चाळिसाचे ते सांगतो. ताणा, बाणा, बीम, कांडी हे शब्द तो बोलायला लागल्यापासून ऐकतो. पण त्याला विचारा, कापूस झाडाला कुठे लागतो? तो गप्प बसतो. अनेकदा त्याचा बापही गप्प बसतो.

मराठवाडा हा कापसाचा मुलूख. पावसाळ्याच्या सुरुवातीला लागवड होते आणि दिवाळीच्या आगेमागे बोंडे फुटून वेचणी सुरू होते. म्हणजे दिवाळीच्या सुट्टीत या भागात शेतावर उतरले तर मुलांना उभे पीक दिसते. त्यांना बोंड तोडू द्यावे. सरकीपासून रुई ओढून काढायला किती जोर लागतो ते त्यांच्या बोटांना कळू द्यावे. शंभर किलो कापसातून जिनिंगमध्ये साधारण तेहतीस ते पस्तीस किलोच रुई निघते, बाकीचा मोठा भाग सरकीचा. अशा १७० किलो रुईची एक गाठ. म्हणजे सूतगिरणीत एक गाठ पोहोचते तेव्हा तिच्या मागे पाच क्विंटल वेचलेला कापूस असतो, आणि तो सगळा कुणीतरी, बहुतेक वेळा बाईमाणसाने, उन्हात कंबर वाकवून एकेक बोंड करून वेचलेला असतो. हे शाळेच्या पुस्तकात वाचून डोक्यात बसत नाही. एक तास वेचणीत उभे राहिले की बसते.

दुसरी गोष्ट मोठ्यांसाठी. शेतकरी म्हणतो, कापसाला भाव नाही. आपण म्हणतो, सूत महाग आहे. दोघेही आपापल्या जागी खरे बोलतात, पण एकमेकांशी कधी बोलत नाहीत. मधल्या साखळीत जिनिंगवाला, गाठींचा व्यापारी, गिरणी आणि दलाल आहेत. संध्याकाळी ओट्यावर बसून शेतमालकाला विचारावे की गेल्या हंगामात क्विंटलला काय मिळाले, बियाण्याला आणि फवारणीला काय गेले, बोंडअळीने किती खाल्ले. आपणही सांगावे की मीटरमागे मजुरी काय सुटते आणि विजेचे बिल किती येते. अशा एका बैठकीत बाजाराचे जेवढे ज्ञान मिळते तेवढे महिनाभर फोन करून मिळत नाही. शिवाय आजच्या दिवसांत दोन वेगळ्या समाजांची घरे एका ओट्यावर बसून भाकरी खातात, मुले एकत्र खेळतात, ही गोष्टही छोटी नाही. भाषणांनी जे होत नाही ते कधी कधी पिठले-ठेच्याने होते.

शेत ठरवण्याआधी काय विचारावे

याचा अर्थ कुठलेही शेत चालेल असा नाही. फोनवर पुढील गोष्टी उघडपणे विचारून घ्याव्यात.

पहिली, जेवण. मालकाचे घर माळकरी असेल तर त्यांच्या चुलीवर सामिष होणार नाही, आणि त्याचा मान राखलाच पाहिजे. दोन दिवस पिठले, वांग्याचे भरीत, बाजरीची भाकरी खाऊन कुणाचे बिघडत नाही. जिथे सामिष चालते तिथे जिबह आपल्या माणसाने केलेले चालेल का, किंवा आपण आणलेले गोश्त शिजवता येईल का, हे आधीच ठरवावे. तिथे गेल्यावर वाद नको.

दुसरी, अम्मी आणि इतर वयस्कर मंडळी. कमोडचा संडास आहे का, तो खोलीला लागून आहे का, पायऱ्या किती. गुडघे दुखणाऱ्या बाईला रात्री कंदील घेऊन अंगण ओलांडावे लागणार असेल तर ते शेत कितीही सुंदर असो, आपल्या कामाचे नाही.

तिसरी, पडद्याची सोय. आपल्या कुटुंबासाठी वेगळे घर किंवा वेगळी बाजू मिळेल का? त्याच दिवशी दुसरी कोणती पार्टी आहे? काही ठिकाणी शहरातली टोळकी दारू आणि लाउडस्पीकर घेऊन येतात. तिथे बायका-मुलांना नेऊ नये. मालक नीट उत्तर देत नसेल तर तेच उत्तर समजावे.

चौथी, विहीर आणि शेततळे. त्यांना कठडा किंवा कुंपण आहे का? शहरातल्या मुलांना पाण्याची भीती नसते, आणि शेततळ्याच्या प्लॅस्टिकवरून घसरलेल्याला वर चढता येत नाही. साप-विंचवाचा भाग असतो म्हणून रात्री चप्पल आणि बॅटरी. जवळचे सरकारी इस्पितळ किती लांब, हे मालकाला तोंडपाठ असले पाहिजे.

पाचवी, वीज, पाणी आणि रस्ता. रात्री लाइट गेली तर इन्व्हर्टर आहे का? पावसाळ्यात काळ्या मातीच्या रस्त्यावर गाडी रुतते. आपल्या कापडबाजारातली मंदी बहुधा याच दिवसांत असते, म्हणून लोक तेव्हाच निघतात. डांबरी रस्त्याला लागून असलेलेच शेत अशा वेळी घ्यावे. ड्रायव्हरच्या झोपण्याची आणि जेवणाची व्यवस्थाही विचारावी. तोही कुणाचा तरी मुलगा आहे.

आणि एक गोष्ट, जी आपण बोलत नाही पण सगळ्यांना ठाऊक आहे. आपल्या नावावरून खोली नाकारली गेल्याचे अनुभव काही कुटुंबे सांगतात, शहरातलेही आणि बाहेरचेही. म्हणून फोनवर आपले पूर्ण नाव सांगावे, किती माणसे आणि बायका बुरखा घेतात तेही सांगावे, आणि पावती किंवा मेसेज मागून घ्यावा. ज्याला अडचण आहे त्याची अडचण फोनवरच कळते. रात्री नऊ वाजता फाटकावर मुलाबाळांसमोर कळण्यापेक्षा ते बरे. खुल्या मनाने "या" म्हणणारे शेतमालक पुष्कळ आहेत. पैसे त्यांनाच द्यावेत.

आमचा सल्ला

सगळ्यांसाठी एकच औषध नसते. घरात हृदयाचा किंवा डायलिसिसचा रुग्ण असेल, अगदी तान्हे मूल असेल, किंवा अजिंठा आणि शहरातली ठिकाणे पाहणे हाच हेतू असेल, तर मुक्काम शहरात ठेवावा. नव्या सुनेच्या माहेरची माणसे शहरात असतील तरीही शहरच बरे. बाकीच्या घरांनी, विशेषतः ज्यांची मुले पाच ते पंधरा वर्षांची आहेत त्यांनी, दोन रात्री शेतावर काढाव्यात.

दोन्ही साधायचे असेल तर क्रम असा ठेवावा. मालेगावात जुम्याला माग बंद असतात, तेव्हा जुमेरातच्या संध्याकाळी निघावे. खुलताबाद-वेरूळच्या बाजूला शेत मिळाले तर वेरूळची लेणी, दौलताबादचा किल्ला, खुलताबादचे दर्गे आणि मलिक अंबरचा मकबरा ही सगळी ठिकाणे तिथूनच होतात. वाटेत हंगामात सीताफळे आणि पेरू मिळतात. डिसेंबर-जानेवारीत हुरड्याचे दिवस असतात. शेवटचा एक दिवस शहराला द्यावा आणि त्यातले दोन तास बाजाराला, तेही निघण्याच्या आधी सगळ्यांना सांगून. बाजार शेवटी ठेवला तर तो सहलीला खात नाही. सुरुवातीला ठेवला तर सहल उरत नाही.

ज्या बंधूंच्या स्वतःच्या जमिनी आहेत त्यांनी या धंद्याकडे दुसऱ्या बाजूनेही पाहावे. रत्नागिरी-रायगडकडे आपल्या लोकांच्या आंब्याच्या बागा आहेत, मराठवाड्यात कोरडवाहू का होईना शेती आहे. हलाल जेवण, पडदा आणि नमाजची जागा यांची खात्री देणारे केंद्र काढले तर मालेगाव-भिवंडीचे गिऱ्हाईक शोधत येईल, आणि स्वच्छता ठेवली तर इतर समाजाचेही येईल. तिथे एखाद्या कारागिराचा हातमाग उभा केला तर पाहुणे कापूस आणि कापड दोन्ही एका जागी पाहतील आणि विणणाऱ्याला चार पैसे सुटतील. यात भांडवल थोडे लागते. सफाई आणि वक्तशीरपणा जास्त लागतो, आणि कमतरता आपल्याकडे बहुधा त्याचीच असते.

शेवटी एकच सूचना. मुक्कामाचा निर्णय आपल्या घरात बहुतेक वेळा एकटे शेठ घेतात आणि बाकीच्यांना निघण्याच्या आदल्या रात्री कळते. या वेळी तसे करू नका. वर दिलेले प्रश्न कागदावर लिहा आणि अम्मीला, बायकोला, बहूला विचारा की तुम्हाला दोन दिवस कुठे काढायला आवडतील. वर्षभर ज्यांनी एक दिवसही स्वयंपाकघराला सुट्टी दिली नाही, त्या काय सांगतात ते ऐकून घ्या आणि मगच फोन लावा.